नासाची ‘शेवटची’ मूळ संख्या आणि तो फॉरवर्ड

धरमपेठ ते मानेवाडा, नागपुरातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय हा फॉरवर्ड, नासाने जगातली शेवटची मूळ संख्या शोधली, सुपरकॉम्प्युटरने एकेका संख्येने भागून पाहिली, आता बँकेचे कोड फुटणार, पैसे काढून घ्या. खाली संख्येचा फोटो.

आधी फोटोच पहा भाऊ. दहा ओळी आणि शेवटचा अंक 8. मूळ कशी होईन बे ती, 2 ने सरळ भाग जातो! खरी संख्या म्हणजे 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1. अंक 4 कोटी 10 लाख 24 हजार 320, सेकंदाला एक वाचला तरी न झोपता सव्वा वर्षाच्या वर जाते. पण तिचा शेवटचा अंक आपण कागदावर काढू शकतो, 2 चे घात 2, 4, 8, 6 असे फिरून फिरून संपतात, घाताला 4 ने भागलं तर बाकी 1, म्हणजे 2 वर संपणार, त्यातून 1 गेला, उरला 1.

नासाचा काहीच संबंध नाही. (प्रत्येक फॉरवर्डमध्ये नासा नाहीतर युनेस्को, काऊन ते देव जाणे.) जिम्प्स नावाचा, मोठ्या मूळ संख्या शोधायचा 1996 पासूनचा प्रोजेक्ट आहे, कोणीही आपला कॉम्प्युटर त्यात लावू शकतो, त्यातूनच ल्यूक ड्युरंटने क्लाउडवरचे (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे) जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सच्या चिप, वापरून ऑक्टोबर 2024 मध्ये ही शोधली.

आता ‘शेवटची’. हे तर ग्रीक गणिती युक्लिडनेच निकालात काढलंय, दोन हजारांवर वर्षं झाली. समजा मूळ संख्या संपल्या, सगळ्यांचा गुणाकार करून 1 मिळवा, यादीतल्या कोणत्याही संख्येने भागा, बाकी 1 च येणार, म्हणजे तिला भागणारी मूळ संख्या यादीच्या बाहेरची. इथे बरेच जण म्हणतात की ती नवी संख्या स्वतःच मूळ असते, तेही नाही बरं, 2×3×5×7×11×13+1 म्हणजे 30031, आणि ते होतात 59×509. पण 59 यादीत कुठं होता? झालं न काम. ही फक्त आजवर सापडलेल्यांत मोठी, आणि 2018 ची आधीची विक्रमी संख्या नि ही, यांच्या मधातल्या अगणित मूळ संख्या अजून कोणी पाहिल्याच नाहीत.

एकेका संख्येने भागायला बसले असते तर विश्वाचं वय पुरलं नसतं. ‘2 चा घात वजा 1’ अशा संख्यांसाठी असलेली लुकास-लेमर चाचणी वेगळीच आहे, 4 पासून सुरू, वर्ग करा, 2 वजा करा, त्या संख्येने भागून बाकी ठेवा, शेवटी शून्य आलं तर मूळ. 31 साठी, म्हणजे 2 चा 5 वा घात वजा 1: 4, मग 14, मग 194 ची बाकी 8, मग 62, बाकी शून्य. मूळ! घातापेक्षा दोन कमी इतक्याच पायऱ्या. आणि घात मूळ असला की संख्या मूळ, असंही समजू नका, 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, तो 23×89.

राहिली बँक. आरएसए एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे माहिती कुलूपबंद करायच्या एका पद्धतीत, साधारण तीनशे अंकी दोन मूळ संख्या गुप्त ठेवतात, ताकद त्या गुप्त असण्यात आहे. ही चार कोटी अंकांची तर अख्ख्या जगाला माहीत, हिच्यानं कोणाचं खातं उघडत नाही.