उलथण्याचा ताठा

नॉनस्टिक तवा घरात आला आणि स्टीलच्या उलथण्याला हद्दपारीची नोटीस निघाली. नवं आणायची कामगिरी अर्थातच माझ्यावर. धुळ्याला आग्रा रोडवर दुकानदारानं दोन समोर टाकली, एक सिलिकॉनचं, एक कडक प्लास्टिकचं. पहिलं हातात देत "भाऊ, हाई वाकस, पन वितळत नही," एवढं बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसरं वाकत नव्हतं, हे दिसतच होतं. त्याच्या वितळण्याबद्दल मात्र तो सोयीस्कर गप्प. मी दोन्ही घेतली.

सिलिकॉन रबराच्या रेणूंचा कणा सिलिकॉन नावाचं मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांचा. पांझरा नदीच्या वाळूतही हीच जोडी. त्यामुळे 200 अंशांतही ते ढिम्म. पण ताकदीच्या नावानं बोंब! कळण्याची जाडजूड भाकरी उलटायला गेलो, तर भाकरी जागच्या जागी आणि पातं मान टाकून मागे दुमडलेलं. लग्नात साडूला सतरंज्या उचलायला सांगाव्यात, अगदी तसं. कढई निपटण्यात मात्र त्याचा हात कुणी धरणार नाही. शेवभाजीची तर्री शेवटच्या थेंबापर्यंत पुसून घेतली. वास तेवढा स्वतःकडे ठेवला, तो दुसऱ्या दिवशी शिऱ्याला दिला. पाहुणे शिरा खाताना लसणाचा शोध घेत होते.

मग प्लास्टिकचं काढलं. भाकरी एका झटक्यात पालथी! आई म्हणाली, "याले म्हणतस उलथनं." हे कौतुक भज्यांपर्यंत टिकलं. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन; ते 160-165 अंशांना वितळतं, तळणाचं तेल 180च्या घरात. कढईच्या काठाला टेकवून ठेवलेल्या पात्याची कड ओघळली, आणि निवल्यावर त्याच वेड्यावाकड्या आकारात पुन्हा ताठ! थर्मोप्लास्टिकची रीतच ती. तापलं की शरण, गार झालं की पुन्हा मिजास. सिलिकॉन एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. फारच तापवलं तर जळेल, पण आकार बदलून जगणार नाही. भजी टाकून दिली, हे सांगायला नकोच.

दोन्ही घेऊन पुन्हा दुकान गाठलं. त्यानं शांतपणे तिसरं काढलं: आत नायलॉनचा कणा, वरून सिलिकॉन. किंमत पहिल्या दोघांच्या बेरजेहून जास्त.

"हे आधी का नाही दाखवलं?"

"भाऊ, तुम्ही घाईत होते."

जुनी परत घ्या म्हटलं. ओघळलेलं त्यानं नुसतं बाजूला सारलं. सिलिकॉनचं उचलून नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"शेवभाजी झकास दिखस, भाऊ!"