‘बग’, पतंग आणि बागुलबुवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘बग’ या इंग्रजी शब्दावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. संगणकातील चुकीला ‘बग’ म्हणण्याचा प्रघात अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांना यंत्रात सापडलेल्या पतंगापासून, म्हणजे एका उडणाऱ्या किड्यापासून पडला, हे जगजाहीर असताना मी ती हकिगत दोन ओळींत निकालात काढली आणि एका कर्तबगार स्त्रीचे श्रेय हिरावून घेतले, हा पहिला. ‘बग’चा भुताखेतांशी असलेला जुना अर्थ आपल्या ‘बागुलबुवा’वरूनच इंग्रजीत गेला असणार आणि मराठी लेखकाला ते सुचू नये याचे आपल्याला नवल वाटले, हा दुसरा. ढेकूण, भूत, पोटाचा विकार आणि चोरून ऐकण्याचे यंत्र हे एकाच शब्दाचे अर्थ असणे शक्य नाही, हा तिसरा. पहिल्या आक्षेपाला उत्तर देताना जरा खोलात शिरावे लागेल, कारण पतंगाची ती गोष्ट खोटी नाही. तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

ज्या नोंदवहीवर ही सगळी कथा उभी आहे, तिचे पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे आणि त्याचे छायाचित्र कोणालाही पाहता येते. हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क टू’ हा रिलेंवर, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या स्विचांवर चालणारा अवाढव्य गणक त्या दिवशी कसा चालला, याची ती हाताने लिहिलेली नोंद आहे. पानावर फक्त ९/९ एवढेच लिहिलेले आहे, वर्ष नाही. त्यामुळेच ही घटना १९४५ सालची असल्याचे अनेक ठिकाणी छापले गेले, वास्तविक ती ९ सप्टेंबर १९४७ ची आहे. सकाळपासूनच्या चाचण्यांच्या नोंदी ओलांडून आपण दुपारी पावणेचारच्या नोंदीपाशी आलो की ‘रिले क्रमांक ७०, पॅनेल एफ’ असे लिहिलेले दिसते, शेजारी तो पतंग पारदर्शक चिकटपट्टीने जसाच्या तसा चिकटवलेला आहे आणि त्याखाली एक वाक्य आहे, ज्याचा अर्थ ‘बग सापडल्याचे पहिले प्रत्यक्ष उदाहरण’ असा होतो.

या वाक्यातल्या ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर आपण क्षणभर थांबावे, एवढीच माझी विनंती आहे. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणायची पद्धत त्या खोलीत आधीपासून रुळलेली नसती, तर ‘प्रत्यक्ष’ लिहिण्यात काही गंमतच उरली नसती. रोज उठून ज्याच्या नावाने बोटे मोडायची, तो किडा अखेर सहा पायांसह हाती लागला, असा तो विनोद आहे, आणि ज्या शब्दावर विनोद केला जातो तो शब्द विनोदाच्या आधीचाच असणार. (कीटकशास्त्रज्ञांना यात आणखी एक गंमत दिसेल. त्यांच्या काटेकोर परिभाषेत ‘बग’ म्हणजे ढेकणाच्या गणातले, सोंडेने रस शोषणारे कीटक; पतंग फुलपाखरांच्या गणातला, म्हणजे तो ‘प्रत्यक्ष’ बगही त्यांच्या लेखी बग नव्हेच.)

शब्द त्याआधीचा होता याचा पुरावा मात्र नुसत्या तर्कावर सोडण्याची गरज नाही. थॉमस एडिसन यांनी मार्च १८७८ मध्ये वेस्टर्न युनियन या तार कंपनीचे प्रमुख विल्यम ऑर्टन यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या उपकरणात एक ‘बग’ सापडल्याचे कळवले आहे. तो खुद्द टेलिफोनमध्ये नव्हता, असे सांगून त्यांनी त्याला लॅटिन थाटाचे ‘कॉलबेलम’ असे कुलनामही बहाल केले आहे आणि टेलिफोनच्या घंटीच्या यंत्रणेत हा कीटक चांगला पोसला जातो, अशी मल्लिनाथी केली आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये युरोपातील सहकारी टिवादर पुश्काश यांना लिहिताना ते सांगतात की, अशा बारीकसारीक दोषांना आणि अडचणींना ‘बग’ म्हणतात. ‘मी म्हणतो’ असे ते लिहीत नाहीत, ‘म्हणतात’ असे लिहितात. म्हणजे कारखान्यांतल्या आणि तारघरांतल्या लोकांच्या तोंडी हा शब्द असणार. पुढे १८८९ मध्ये लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’ने एडिसन आपल्या फोनोग्राफमधला ‘बग’ शोधत दोन रात्री जागल्याचे छापले, आणि वाचकांना हा वापर अनोळखी असेल हे जाणून, यंत्रात दडून बसलेला एखादा काल्पनिक किडा त्यात अभिप्रेत असल्याचा खुलासाही केला. ‘डीबगिंग’ हा शब्दसुद्धा १९४५ मध्ये विमानांच्या इंजिनांसंदर्भात छापलेला आढळतो, म्हणजे पतंगाच्या दोन वर्षे आधी.

यात हॉपर यांचे काय गेले? तो पतंग आपण स्वतः शोधला, असा त्यांचा दावा नव्हता. हॉपर त्या गटात होत्या आणि ही गोष्ट पुढे आयुष्यभर व्याख्यानांतून रंगवून सांगत. ज्यांनी १९५२ च्या सुमारास कंपायलरच्या, म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीच्या, कल्पनेला आकार दिला आणि ज्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ या संगणकीय भाषेवरून ‘कोबोल’ ही भाषा बरीचशी बेतली गेली, त्यांचे मोठेपण एका मेलेल्या पतंगाला टांगून ठेवणे हाच मला त्यांच्यावरचा अन्याय वाटतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘मिलेनियम बग’च्या, म्हणजे वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवणारे संगणक २००० साल उजाडताच गोंधळतील या धास्तीने जगभरातल्या कंपन्यांनी जुन्या कोबोल आज्ञावल्या दुरुस्तीला काढल्या आणि पुण्या-मुंबईच्या कितीतरी अभियंत्यांना त्या कामाने परदेशाची वाट दाखवली, ती ही भाषा. तो ‘बग’ तरी मुळात चूक कुठे होता! महागड्या स्मृतीत दोन अंकांची जागा वाचावी म्हणून जाणूनबुजून केलेली ती काटकसर होती.

आता बागुलबुवा. ‘बुवा’ दूर ठेवला तरी ‘बागुल’ आणि ‘बग’ कानाला जवळचे वाटतात, हे खरे. पण बुजगावणे किंवा भीतिदायक आकृती या अर्थाने हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस, धर्मसुधारक जॉन विक्लिफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या भाषांतरात आलेला आहे. माइल्स कव्हरडेल यांच्या १५३५ च्या बायबलात एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा भक्त रात्रीच्या ‘बगांना’ भिणार नाही, असे वचन आहे. १६११ च्या प्रसिद्ध आवृत्तीत तिथे ‘भय’ या अर्थाचा शब्द आला. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० च्या अखेरच्या दिवशी. त्याच्या शंभर-दोनशे वर्षे आधी आपला बागुलबुवा इंग्लंडच्या शेतात जाऊन उभा राहिला होता, हे सिद्ध करायचे तर नुसता बादरायण संबंध पुरणार नाही. जिथे धागा दिसतो तिथे मी तो आनंदाने दाखवतो. आपले मुंगूस सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरले आणि आजही ‘माँगूज’ या नावाने तिथे नांदते आहे. इथे प्राणी, प्रदेश आणि काळ तिन्ही जुळतात.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. भूत आणि कीटक हे दोन अर्थ एकाच मुळाचे आहेत का, यावर कोशकारांचे आजही एकमत नाही. शेणकिड्याच्या जुन्या इंग्रजी नावात ‘बड’सारखा जो अंश आहे, तोच बिघडून ‘बग’ झाला असावा, असे काहीजण मानतात. म्हणूनच लेखात मी हे दोन अर्थ वेगळ्या परिच्छेदांत ठेवले होते. कीटकानंतरचे अर्थ मात्र बहुतेक एकाच रांगेत बसतात. दिसत नाही पण आत शिरून त्रास देतो, तो जंतू. भिंतीत किंवा फोनमध्ये दडवलेला चिमुकला मायक्रोफोन, ज्याचे नाव अमेरिकेतील १९७२ च्या वॉटरगेट या राजकीय हेरगिरीच्या प्रकरणाने घरोघरी पोहोचवले. आणि प्रवासाचा किंवा नाटकाचा ‘बग’ चावणे, ज्याला आपण डोक्यात किडा वळवळणे म्हणतो. तारयंत्राच्या ‘व्हायब्रोप्लेक्स’ नावाच्या अर्धस्वयंचलित कळीलाही तारवाले ‘बग’च म्हणत, आणि कंपनीच्या बोधचिन्हावरही किडाच होता.

मूळ लेखातील हॉपर यांच्याविषयीच्या ओळी त्यामुळे मी आहेत तशाच ठेवत आहे. बागुलबुवाच्या बाबतीत, १३८० पूर्वी हा शब्द भारतातून पश्चिमेकडे गेल्याचा एखादा लेखी, तारखेचा दाखला आपल्या पाहण्यात असेल, तर तो अवश्य कळवावा. लेखाखाली तो आपल्या नावानिशी देईन.

आपला,
लेखक