टेकडी कोणाला दिसावी? एका प्रतिक्रियेला उत्तर

"टेकडी दिसावी म्हणून इमारती बुटक्या ठेवायच्या आणि नोकरदारानं रोज वाघोलीहून धक्के खात यायचं. हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत," असं तुम्ही लिहिलंय. राग समजतो. पुण्यातली पर्वती टेकडी सगळ्यांना दिसत राहावी म्हणून तिच्या आड येणाऱ्या इमारतींची उंची रोखा, असं मी म्हटलं होतं. पण यात उंची आणि एफएसआय यांची गल्लत होतेय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लॉटवर किती बांधकाम होणार हे एफएसआय ठरवतो. तो दोन असेल, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट बांधकाम चालत असेल, तर पाव प्लॉटवर आठ मजले चढवा, नाहीतर अर्ध्यावर चार, घरं तेवढीच. उंची फारच खाली दाबली तर मात्र मंजूर एफएसआय बसतच नाही. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

शनिवारवाड्याभोवती तर त्याहून वाईट अवस्था आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनं शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट घातली. बंदीच्या पट्ट्यात दुरुस्ती चालते, पाडून नव्यानं बांधणं नाही. मग जुने वाडे टेकूंवर उभे. जिना हलतो, भाडेकरू हलत नाही आणि मालकाचे हात बांधलेले. या नियमाला नजरेशी देणंघेणंच नाही, तो कंपास घेऊन वर्तुळ काढतो. बाजीरावाच्या पुतळ्यापाशी उभं राहून दिल्ली दरवाज्याकडे बघा. दरवाज्याच्या डोक्यावरून जे डोकावेल ते खुशाल रोखा. पण बाजूच्या बोळातलं, कशाच्याही आड न येणारं तीन मजली घर कशाला अडवायचं?

लंडननं नजरेची रेघ धरली. रिचमंड पार्कातल्या एका उंचवट्यावरून सुमारे १६ किलोमीटरवरचा सेंट पॉलचा घुमट दिसतो. तेवढी अरुंद पट्टी राखली. तिच्याबाहेर टॉवर उठलेच. (२०१६ मध्ये घुमटाच्या पार मागे, स्ट्रॅटफर्डला उठलेला टॉवर त्या चित्रात घुसला आणि बोंबाबोंब झाली. रेघ मागेही लांबवर ओढावी लागते.)

आणि चोचलेच म्हणायचे तर बाणेर-बावधनच्या स्कीमची ब्रोशर चाळा. 'हिल व्ह्यू'चे पैसे वेगळे, वर फ्लोअर राइज, म्हणजे मजल्यागणिक वाढता दर. पुढच्या फेजचा टॉवर आडवा आला की पैसे मोजलेल्याचीही टेकडी गेली. सारसबागेतून पर्वती दिसते ती भेळ खाणाऱ्यालाही, फुकटात. मी राखा म्हणतोय ती ही.

वाघोलीकराचा वेळ पर्वती खात नाही हो, नगर रोड खातो! मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय द्यायचं धोरण आहे, तिथे टॉवर चढू द्या, माझी काडीची हरकत नाही. फक्त त्यात परवडणारी घरं किती, हे बिल्डरला तुम्हीही विचारा. आणि स्वारगेट-सारसबाग भागातला प्लॅन मंजुरीला येईल तेव्हा पर्वतीची रेघ नकाशावर आधीच मारलेली हवी. स्लॅब पडल्यावर हरकती मागवून काय उपयोग?