नाही झोपत ते हिवाळ्यात!

कासव हिवाळाभर झोपून राहतं, हे ज्यानं कुणी आपल्या लोकांच्या डोक्यात पहिल्यांदा घातलं असेल, तो मला एकदा भेटावा. मारणार नाही, शिव्याही देणार नाही. डिसेंबरातली एक रात्र आमच्या माजघरात टायसनशेजारी गोधडी टाकून देईन. झोप म्हणावं बाबा, तू तरी.

टायसन म्हणजे कासव. सल्काटा जातीचं, आफ्रिकेचं. जमिनीवरच्या कासवांत गॅलापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची दोन सोडली तर याच्याहून मोठं कुणी नाही. हे ज्ञान मला आता आहे. 2015 मध्ये मोठ्या भावाच्या पोरानं पुण्याच्या कुठल्याशा दुकानातून ते आणलं तेव्हा वडापावाएवढं होतं. दुकानदारानं काय सांगितलं? “हिवाळ्यात झोपतं, काही टेन्शन नाही.” इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, पोरगा परदेशात गेला आणि वडापाव आला आर्वी तालुक्यात, आमच्या घरी. परवा कापसाच्या काट्यावर चढवलं. 31 किलो. अजून वाढायचं बाकी आहे म्हणे, आणि ही जात सत्तर वर्षंही काढते. मी बावन्नचा आहे. म्हणजे मला पोचवून आल्यावरही हे परत घरामागच्या सांदवाडीत हरळी खात बसणार.

तर झोपेचं. अरे, हा जीव सहाराच्या खालच्या पट्ट्यातला. सेनेगल-मॉरिटानियापासून सुदान-इथिओपियापर्यंतचा. तिथे ऊन सहन होत नाही म्हणून हे जमिनीत लांब बीळ खणून आत बसतं. थंडीसाठी झोपायचं याच्या रक्तातच नाही. त्याला गार ठेवलं तर ते हलत नाही, आणि लोक म्हणतात “बघा, झोपलं.” झोपलं नाही बावा, आखडलं! अंगात स्वतःची ऊब नसते त्याच्या, बाहेरून मिळेल तेवढीच. ती कमी पडली की पोटातला चारा पचत नाही, आतच सडतो. मग नाकातून फुगे येतात, छातीत घरघर, आणि मग खरंच कायमचं झोपतं. आणि आपल्या विदर्भाच्या थंडीचं कौतुक मला कुणी सांगू नये. 2018 च्या 29 डिसेंबरला नागपूर 3.5 अंशांवर गेलं होतं. उन्हाळ्यात तोच पारा 45 च्या वर. अशा गावात लोक हौस म्हणून आफ्रिकेचं कासव पाळतात. नाही, पाळत नाहीत, काकाकडे पाठवून देतात.

दिवाळी झाली की आमच्या घरात जागेची मारामारी सुरू होते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून पहिली वेचणी झाली की कापूस घरात येतो. भाव पाडून विकायचा नसेल तर ठेवावा लागतो, आणि ठेवायचा म्हणजे घरातच. पलीकडची खोली छतापर्यंत पांढरी. उरलं माजघर. त्यात माय, तिचा पलंग, दोन कोठ्या, गॅसची टाकी, पोरीचं अभ्यासाचं टेबल आणि टायसनची पेटी. पेटी मी स्वतः केली. जुन्या दिवाणाच्या फळ्या, आतून थर्माकोल, खाली पोत्यांवर तुरीचं कुटार म्हणजे भुसा, वर कोंबड्यांच्या पिल्लांना लावतात तो ब्रुडरचा लाल बल्ब. आता विचार करा, भिंतीच्या एका बाजूला अठरा क्विंटल कापूस आणि दुसऱ्या बाजूला रात्रभर तापलेला अडीचशे वॅटचा बल्ब. मी रात्री तीनदा उठून त्या बल्बला लोखंडी जाळी नीट आहे का पाहतो. झोपायचं कासवानं होतं. जागा मी आहे!

ते पेटीत तरी कुठे राहतं. पहाटे चारला सुरू. कर्र... कर्र... कर्र... पुढच्या पायाची नखं शहाबादी फरशीवर. एकदा डोकं खाली घालून रेटायला लागलं की समोर काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. भरलेली गॅसची टाकी त्यानं हातभर सरकवली आहे. मायचा पलंग, माय वर झोपलेली असताना, हलवला आहे. ती अंधारात ओरडली, “भूकंप झाला रे!” मी उठून पाहतो तर पलंगाखाली टायसन. माय त्याला तायशा म्हणते. शिव्या तिच्याच, आणि सकाळी त्याच्या पाठीवर हळदकुंकूही तीच लावते. महादेवाच्या देवळात पिंडीपुढे कासव असतं ना, मग हेही देवच. देव फरशीवर जे करतो ते मात्र मी पुसतो. घोड्याच्या लिदीसारखं असतं, त्याचं काही नाही, गोठ्याची सवय आहे. पण सोबत तो पांढरा चुन्यासारखा लगदा येतो ना, तो वाळला की विळ्यानं खरवडावा लागतो.

लाईटचं तर बोलूच नका. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस, जो तो मोटर लावून बसलेला. गावठाणाच्या लाईनवर अर्ध्या गावाचे आकडे. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की आठ-आठ दिवस नवी येत नाही. फोन केला तर साहेब विचारतात, “घरात पेशंट आहे का?” काय सांगू? म्हटलं, आहे, आफ्रिकेचा. फोन ठेवला त्यांनी. मग मी चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरतो, बाटल्या फडक्यात गुंडाळतो, पेटीत चारही कोपऱ्यांत ठेवतो, आणि दोन तासांनी परत. बायको म्हणाली, पोरगी तान्ही होती तेव्हा तुम्ही एवढे उठले नव्हते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मागल्या वर्षी नाकातून फुगे आले. ढोरांच्या दवाखान्यात नेलं, बंडीत पोतं अंथरून. डॉक्टर पाठीवर टकटक करत म्हणाले, “इंजेक्शन टोचू कुठं हो याले?” शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. ते म्हणाले, पुढच्या पायात द्या, मागच्या पायात नको, तिकडचं रक्त मूत्रपिंडातून फिरून येतं. आमच्या डॉक्टरांनी फोन कानाला लावून सुई टोचली. बाहेर वीस माणसं तमाशा बघत उभी. त्यातलाच एक म्हणतो, “काहून आणलं दवाखान्यात? झोपलं अशीन थे.”

आणि ही वीस माणसं नुसती बघून जात नाहीत. एक आला, दूरच्या गावचा, चांगली इस्त्रीची पँट, हळू आवाजात बोलणारा. चहा प्यायला आणि म्हणे, पाय दाखवा जरा. मला वाटलं जाणकार आहे. तो नखं मोजत होता! गुप्तधन काढायला वीस नखी कासव लागतं म्हणतात ना, ते शोधत फिरणारा. याला पुढे पाच-पाच, मागे चार-चार. अठरा. गड्यानं दोनदा मोजली, परत मागचा पाय उचलून बोटांच्या मधे पाहिलं, आणि तोंड पाडून निघून गेला. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा त्याला सुनवायचा होता, पण तेवढ्यात टायसननं त्याची चप्पल ओढून कुटारात नेली होती, ती शोधण्यात वेळ गेला.

मग कुणीतरी खबर दिली की यांच्या घरी तारा कासव आहे. तारा कासव आपल्या देशाचं, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, ते घरात ठेवणं म्हणजे तुरुंग. वनरक्षक दारात! मी पुतण्याच्या नावाची, सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंद दाखवली. परदेशी प्राणी, 2024 च्या नियमांप्रमाणे नोंदवलेला. बिचाऱ्यानं मोबाईलवर फोटो जुळवून पाहिले. पाठीवर चांदण्या नाहीत हे पटलं. जाताना विचारतो, “हिवाळ्यात झोपतं ना हे?”

जंगलात सोडून द्या, असं सांगणारे पण आहेत. अहो, ते इथलं नाही! सोडलं तर एक तर थंडीत मरेल, नाहीतर इथल्या कासवांना रोग देईल. आणि सोडणाऱ्यावर केस. दुसऱ्याला द्यायचं तर नोंद त्याच्या नावावर करा, त्यासाठी पुतण्या पाहिजे, पुतण्या व्हिडिओ कॉलवर. तिकडे बर्फ पडतोय, हा टी-शर्टवर बसलेला, मागे हीटर. “काका, टायसन काय करतोय?” मी मोबाईल फिरवून दाखवला. टायसन मायच्या पलंगाखाली अडकला होता आणि मागचे दोन पाय हवेत चालवत होता. पोरगा हसून हसून लोटपोट. वर म्हणतो, त्याला केळी-पोळी देऊ नका हं, गवतच द्या. गवत! जानेवारीत! धुऱ्यावर उरलंय का काही? मी रोज सकाळी फटफटीवर पोतं टाकून कॅनॉलकाठी हरळी कापायला जातो. लोकांना वाटतं गाय घेतली.

परवाचं ऐका. रात्री डीपी गेली. बाटल्या भरल्या, ठेवल्या, आणि मला पहिल्यांदाच गाढ झोप लागली. सकाळी पेटी रिकामी. पलंगाखाली नाही, कोठीमागे नाही. पलीकडच्या खोलीचा कडीकोयंडा चौकटीसकट निघालेला. कापसात एक भुयार. हात घातला, खांद्यापर्यंत गेला, तेव्हा पाठ लागली. अंग कोमट. डोळे मिटलेले. दहा वर्षांत पहिल्यांदा हा प्राणी सकाळी नऊपर्यंत पडून होता, आणि तो माझ्या अठरा क्विंटलच्या आत! ओढून काढलं तेव्हा मागे तो पांढरा लगदा, खाली चांगला वीतभर ओला पिवळा डाग, आणि सरकीला चिकटलेलं कुटार.

2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. त्यासाठीच थांबलो होतो. पण सरकारी खरेदीत ओलावा बारा टक्क्यांवर गेला की गाडी परत. आता कुठे कुठे ओलं झालंय ते कोण वेचत बसणार? शेवटी खेडा खरेदीवाला, म्हणजे घरी येऊन कापूस घेणारा व्यापारी, बोलावला. त्यानं नेमकं त्याच जागी मीटर खुपसलं. हात बाहेर काढला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. एवढ्यात टायसन दारातून आत आला, त्याच्या बुटाला धडकला आणि परत त्याच भुयाराकडे निघाला.

“क्विंटलमागं चारशे कमी होतीन,” तो म्हणाला. मग खाली वाकून पाहत, “पण काहो, हे झोपत नाई का हिवाळ्यात?”