पिक्चर संपवा आधी!

तीन तास चौतीस मिनिटं. एवढा वेळ खुर्चीत बसवून घेतलं आणि शेवटी पडद्यावर काय? पुढचा भाग 19 मार्च 2026. म्हणजे गुढीपाडव्याला या, पुढं काय झालं ते तेव्हा सांगतो. अरे, मग आज आम्ही काय बघितलं? आज पैसे कशाचे घेतले?

'धुरंधर'बद्दल बोलतोय. पिक्चर वाईट आहे असं मी म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर लगेच चारजण अंगावर धावून येतील. अक्षय खन्ना पडद्यावर आला की नजर दुसरीकडं जात नाही. फेब्रुवारीत 'छावा'त औरंगजेब म्हणून त्याच्या नावानं दात-ओठ खाल्ले आणि वर्ष संपायच्या आत त्यालाच बघायला परत पैसे मोजले, एवढं कसलेलं काम. कराचीतलं ल्यारी असं उभं केलंय की आपण तिथंच बसलोय वाटतं. म्हणूनच तर डोकं फिरलंय. टुकार असता तर इंटरवललाच उठून घर गाठलं असतं. इतकं गुंतवायचं, माणूस पार कडेवर आणून उभा करायचा आणि तिथं शटर ओढायचं, ही कुठली रीत?

आप्पांना घेऊन गेलो होतो. आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, कित्येक वर्षांत थेटराची पायरी चढलेले नाहीत. शत्रूच्या मुलखात राहून काम करणाऱ्या हेराचा पिक्चर आहे म्हटल्यावर आपणहून म्हणाले, "चल, बघूया तरी." घरात केवढा आनंद! पोरगा मागं लागला होता, पण 'ए' सर्टिफिकेट, म्हणून त्याला शेजाऱ्यांकडं ठेवलं. बेळगावजवळच्या आमच्या उचगावातनं शहरात संध्याकाळचा शो गाठायचा म्हणजे पाचच्या आत निघायला लागतं, हिंडलग्याच्या पुढं गाड्यांची रांग लागलेलीच असते. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, कानाला मफलर, असं लग्नाला निघाल्यासारखं आवरलं होतं.

आणि दारात त्यांची झडती. खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती, कागदाची, दोरा गुंडाळलेली. शुगर आहे, वेळेवर पोटात काहीतरी जायला लागतं, म्हणून बायकोनं दिलेली. दारावरच्या पोरानं ती दोन बोटांत धरून बाजूच्या टेबलावर ठेवली, जप्त केलेल्या बाटल्या आणि बिस्किटपुड्यांच्या शेजारी. मी म्हटलं, "बाबा रे, म्हातारा माणूस आहे, शुगर आहे." तर म्हणे, "बाहेरचं अलाऊड नाही सर, आत मिळतं." आत काय मिळतं? गोड पॉपकॉर्न, नाचोज आणि थंड पेप्सी. शुगरच्या माणसाला! आप्पा काही बोलले नाहीत. सीमेवर नोकरी केलेल्या माणसाला शेंगदाण्यांसाठी खिसे दाखवायला लावले, आणि मी तिथं हात जोडत उभा. हा राग माझा अजून उतरलेला नाही, उतरणारही नाही.

मग जाहिराती. गुटख्याची चुलतभावंडं असलेल्या वेलचीच्या, बिल्डरच्या, दागिन्यांच्या, परत बिल्डरच्या. बेंगळुरूच्या एका माणसानं पंचवीस मिनिटांच्या जाहिरातींत वेळ गेला म्हणून ग्राहक न्यायालयात केस घातली, जिंकलाही, तिकिटावर पिक्चर सुरू व्हायची खरी वेळ छापा असा आदेश निघाला. त्यावरही वर स्थगिती. सामान्य माणसाच्या बाजूनं काही झालं की त्यावर स्थगिती येते, हे आता पाठ झालंय.

तिकिटाचंच बघा. सप्टेंबर 2025 मध्ये आमच्या कर्नाटक सरकारनं कर सोडून 200 रुपयांच्या वर तिकीट नको असा नियम काढला. आम्ही म्हटलं, चला, कधी नव्हे ते बरं काहीतरी झालं. त्याच महिन्यात, 23 तारखेला, उच्च न्यायालयाची स्थगिती. आठवडा-दीड आठवड्यात 2 ऑक्टोबरला 'कांतारा चॅप्टर 1' आला आणि दसऱ्याच्या सुट्टीत तिकिटाचे आकडे बघून आमच्याकडच्या मंडळींनी फोन खिशात ठेवले. शंभरच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी वेगळा. एवढं सगळं भरूनसुद्धा माणूस तक्रार करत नाही हो, सणावाराला घरच्यांना घेऊन जातो. फक्त पिक्चर पुरा दाखवा. एवढंच मागणं आहे.

आप्पा मन लावून बघत होते. हा कोण, तो कुणाचा, मघाशी आलेला तोच का हा, असं माझ्या कानाशी लागून विचारत होते. शेवटाकडं तर पुढं सरकून बसले. आणि मग ती तारीख. लोक उठायला लागले, काहींनी शिट्ट्यासुद्धा मारल्या. शिट्ट्या! आप्पा खुर्चीतच. "उठूलालेत कशाला सगळे? लाइटी कशाला लावल्या?" मी म्हटलं, "आप्पा, बाकीचं पुढच्या भागात." "म्हणजे? त्याचं पुढं काय झालं?" आता काय सांगू? मलाच माहीत नाही. पार्किंगमधनं गाडी काढेपर्यंत साडेदहा वाजून गेलेले, आठला जेवणारा माणूस उपाशी, आणि वाटेत हिंडलग्याला एक वाक्य बोलले: "मग आधी सांगायचं न्हवं की अर्धाच हाय म्हणून."

बरोबर आहे की. आमच्या तिकिटावर काय छापलं होतं? नाव, वेळ, खुर्चीचा नंबर, कर. भाग पहिला असं अक्षर कुठं नाही. पिक्चरवाले म्हणतील, पेपरात आलं होतं, मुलाखतीत सांगितलं होतं. आम्ही शेतीभाती, दुकानदारी, नोकरी करणारी माणसं, पिक्चरला जायच्या आधी मुलाखती ऐकत बसायच्या काय?

आणि हा काही एकटा नाही. 2022 साली 'ब्रह्मास्त्र' बघितला, नावातच 'पार्ट वन', निदान प्रामाणिक. दुसरा भाग कुठं आहे? तीन वर्षं झाली. 'सालार' डिसेंबर 2023 मध्ये आला, दोन मित्र एकमेकांसमोर उभे राहायची वेळ आली आणि बंद. दुसरा भाग? पत्ता नाही. 'देवरा'च्या शेवटाला कुणी कुणाला का मारलं हे विचारत घरी आलो, अजून विचारतोय. 'कल्की' तर कळस. अख्खा पिक्चर पोटातल्या बाळाला वाचवायची धडपड, आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याच पिक्चरवाल्यांनी जाहीर केलं की दीपिका पुढच्या भागात नाही. ज्या आईसाठी सगळी मारामारी झाली तीच नाही! मग आमची ती काळजी, ती भीती, वाया गेली म्हणायची का?

कमल हासनचा 'हिंदुस्तानी' 1996 चा, लहानपणी बघितलेला, त्या म्हाताऱ्यानं लाचखोरांना धडा शिकवला की अंगावर काटा यायचा. अठ्ठावीस वर्षांनी दुसरा भाग आणला आणि त्याच्या शेवटी तिसऱ्याचा ट्रेलर जोडला. म्हणजे दुसरा हा तिसऱ्याची जाहिरात. तशीच ती हेरगिरीवाली मालिका: 'टायगर 3' संपल्यावर 'वॉर'चा हीरो येणार, 'वॉर 2' संपल्यावर पुढच्या कुठल्यातरी पिक्चरसाठी बॉबी देओल येणार. नावं वर सरकत असताना दारात उभं राहून, एक पाय बाहेर ठेवून, लोक वाट बघतात, अजून काही दाखवतील म्हणून. अपमान आहे हा, पैसे देऊन घेतलेला. इंग्रजीवालेही त्याच वाटेनं गेलेत: टॉम क्रूझच्या 'मिशन इम्पॉसिबल'ला 2023 मध्ये 'पार्ट वन' म्हटलं, आणि 2025 मध्ये पुढचा आला तो वेगळंच नाव लावून.

'हाउसफुल 5' आठवतोय का? 6 जून 2025. 5A आणि 5B. एकात खुनी वेगळा, दुसऱ्यात वेगळा. तिकीट काढताना ए की बी ते आपणच निवडायचं. लिहिणाऱ्यालाच शेवट ठरवता आला नाही आणि दोन्ही तिकिटांचे पैसे आम्ही भरायचे? आणि 'पुष्पा 2' डिसेंबर 2024 मध्ये पहिल्या आठवड्यात तीन तास वीस मिनिटं बसून बघितला, तर जानेवारीत वीस मिनिटं वाढवून परत थेटरात. पहिल्या आठवड्यात धक्काबुक्की करून, जादा पैसे भरून आलेल्या माणसाला कमी पिक्चर, आणि नंतर निवांत येणाऱ्याला पुरा? शेवटी स्फोट आणि 'पुष्पा 3'चं नाव आहेच.

हे सगळं जमत नाही असं थोडंच आहे. 'बाहुबली' 2015 मध्ये अर्ध्यावर थांबला, पण नाव 'द बिगिनिंग' होतं, दोन वर्षांच्या आत, एप्रिल 2017 मध्ये, पुढचा आला आणि कट्टप्पानं का मारलं ते सांगितलं. पुरं सांगितलं. तेव्हा आमच्याकडं तर तो लागतो का नाही याचीच धाकधूक होती, कट्टप्पा झालेल्या सत्यराजच्या कावेरीच्या पाण्याच्या वादावरच्या जुन्या बोलण्यावरून कर्नाटकात बंदीची मागणी होती. त्यानं खेद व्यक्त केला आणि पिक्चर लागला. तोवर आमचे काहीजण कोल्हापूरला जायच्या तयारीत, हत्तरगीचा टोल, कोगनोळीचा टोल, डिझेल, सगळा हिशेब मांडून बसलेले. एवढा जीव लावतात इथली माणसं पिक्चरला. 'केजीएफ'चंही तेच, 2018 आणि 2022, हीरोची, राजाकृष्णप्पा बैर्याची गोष्ट उभी राहिली आणि संपली. मग परत शेवटी ती तिसऱ्या चॅप्टरची फाइल दाखवायची काय गरज होती? आणि 2022 चा 'कांतारा'! हिंदी यायच्या आधीच आम्ही इथं कन्नडमध्ये बघितला, अर्ध्या थेटराला तुळू रीतिभाती ठाऊक नव्हत्या, तरी शेवटाला सगळं थेटर गप्प. एका पिक्चरात पुरी गोष्ट. म्हणून तर डोक्यात राहिली.

पहिला 'सिंघम' घ्या, 2011 चा. गोव्याच्या हद्दीवरचं गाव, मराठी बोलणारा फौजदार, घाटापलीकडचा आपलाच माणूस वाटायचा. 'सिंघम अगेन'मध्ये त्यालाच काश्मीर दाखवलं, श्रीलंका दाखवली, मागं अर्धा डझन स्टार उभे केले, आणि आपला बाजीराव सिंघम कुठं गेला ते शोधायला लागलं. भाग वाढतो तसा माणूस लहान होत जातो. 'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग बघताना मात्र राग आला नाही, एसटीच्या जागी कोकण रेल्वे, अशोक सराफ आहेतच, दोन तास हसलो, घरी आलो, संपलं. म्हणजे हट्ट धरून बसण्याइतका मी पुढच्या भागांच्या विरोधात नाही.

मराठीचं बोललो म्हणून हेही. हे अर्धेमुर्धे अजस्र पिक्चर येतात तेव्हा जागा कुणाची जाते? साडेतीन तासांचा एक शो म्हणजे दिवसाला शो कमी, आणि कमी झालेला शो नेहमी मराठीचाच असतो. 'दशावतार' बघायला मी गेलो त्या दिवशी उरला होता एकच शो, सकाळचा, दहाच्या आसपासचा. दिलीप प्रभावळकरांसारखा माणूस या वयात पडद्यावर असा जीव ओततो आणि बेळगावात, जिथं मराठी पिक्चरला माणसं घरच्या कार्यासारखी जातात, तिथं तो दुकान उघडायच्या वेळेला! कामाचा माणूस जाणार कधी? मग म्हणायचं, मराठीला गर्दीच नाही. रात्री नऊचा शो द्या आणि मग सांगा गर्दी नाही म्हणून.

आता घरात विषय निघालाय, पाडव्याला काय करायचं. बायको म्हणते, आप्पांना पुढचं कळायला नको का? कळायला पाहिजेच. पण मी ठरवलंय. पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात, वाढीव दरानं, अजिबात नाही. आधी कुणीतरी बघून येऊ दे आणि मला एवढंच सांगू दे: संपतोय का? संपत असेल तर आप्पांना पहिल्या रांगेपासून लांब, मधली खुर्ची काढून नेईन, आणि शेंगदाणे स्वेटरच्या आतल्या खिशातनं नेईन. काढून घेऊन दाखवा मग.