बेसनाच्या लाडवाला बंदी आणि चकलीला मोकळे रान

दिवाळी तोंडावर आली की नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दातांना तारा लावलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: साखरेमुळे ब्रॅकेटचा (तार धरून ठेवण्यासाठी प्रत्येक दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याचा) गोंद विरघळतो, म्हणून मुलांना गोड अजिबात देऊ नये, चकली-चिवडा मात्र खुशाल द्यावा, गोड द्यायचेच झाले तर गुळाचे, मधाचे किंवा खजुराचे द्यावे, काहीही खाल्ले की तत्काळ जोर लावून दात घासावेत, आणि हे सारे जमणार नसेल, तर डॉक्टरांना सांगून सणापुरती तार काढून घ्यावी. लिहिणाऱ्याला मुलांची काळजी आहे हे उघड आहे. परंतु या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्या घरात मूल मऊ लाडवाला मुकते आणि ब्रॅकेट तुटायचे ते तुटतेच.

पहिला मुद्दा गोंदाचा. ब्रॅकेट दातावर बसवताना डॉक्टर दाताचा पृष्ठभाग सौम्य फॉस्फरिक आम्लाने काही सेकंद खरखरीत करतात, त्यावर कॉम्पोझिट रेझिनचा (प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या द्रव्याचा) थेंब ठेवून ब्रॅकेट दाबतात आणि निळ्या प्रकाशाने ते रेझिन कडक करतात. हे रेझिन साखरेच्या पाण्यात विरघळत नाही. तसे असते तर सकाळच्या चहानेच सगळे ब्रॅकेट गळून पडले असते. साखरेवर जगणारे जिवाणू जे आम्ल तयार करतात ते दाताच्या इनॅमलमधील, म्हणजे बाहेरच्या कडक आवरणातील, खनिज झिजवते, आणि ब्रॅकेटच्या कडेने खडूसारखे पांढरे डाग उमटतात. स्वच्छता राहिली नाही तर असे डाग महिन्याभरातही दिसू लागतात व तारा काढल्यावर तेच कायमची खूण म्हणून उरू शकतात. म्हणजे साखरेबद्दलची भीती निराधार नाही, तिचे कारण मात्र चुकीचे सांगितले आहे.

ब्रॅकेट निसटते ते दाबाने. उपचार संपल्यावर इनॅमलला इजा न करता ते काढता यावे, यासाठी हा जोड मुळातच बेताच्या ताकदीचा ठेवलेला असतो. तो नेहमीचे चावणे सहन करतो, पण कडक तुकड्यावर एकाच ठिकाणी जोर पडला की सुटतो. नेमक्या याच ठिकाणी संदेश उलटा पडतो, कारण ज्या चकलीला तो मोकळे रान देतो ती फराळाच्या ताटातील सर्वांत धोक्याच्या पदार्थांपैकी एक आहे, आणि ज्या बेसनाच्या लाडवावर तो बंदी घालतो तो तुपामुळे जिभेने दाबला तरी विरतो. माझ्या भाचीच्या खालच्या दाढेजवळचे ब्रॅकेट ऐन भाऊबीजेच्या दिवशी सुटले ते कडबोळ्याने. आधी 'कट्' असा बारीक आवाज झाला, आणि मग ते ब्रॅकेट तारेत ओवलेल्या मण्यासारखे मागेपुढे सरकू लागले. दवाखाना बंद होता. तारेचे टोक गालाला टोचू नये म्हणून तिने पुढचे चार दिवस त्यावर मेणाची गोळी दाबून काढले, आणि त्या दिवशी तिच्या पोटात गोडाचा एक कणही गेलेला नव्हता.

म्हणून पदार्थ गोड की तिखट हे पाहण्याऐवजी तो हातात घेऊन पाहावा. शंकरपाळ्यात मोहन पुरेसे पडले असेल तर ते बोटांनी सहज मोडते. न मोडणारे मुलाच्या ताटात ठेवू नये. करंजीची मुरड हाच तिचा सर्वांत कडक भाग, तेव्हा मुरड काढून सारण आणि मऊ पारी द्यावी. रव्याचा लाडू एकतारी पाकातला असेल तर उत्तम, पाक पुढे गेला असेल तर तोच लाडू दगड होतो आणि तो बशीत फोडून, वर चमचाभर दूध घालून द्यावा लागतो. डिंकाच्या लाडवाबाबत मी अधिक सावध असतो. तुपात पूर्ण फुललेला डिंक चिमटीत चुरा होतो, पण आत कच्चा राहिलेला एखादा खडा दाताखाली खडीसारखा येतो, शिवाय त्यात खारकेचे तुकडे असतात; मुलासाठी त्यातले दोन लाडू मिक्सरमधून काढून पुन्हा वळावेत हे बरे. चिवड्यातून खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे वेगळे करावेत. चकली सोडवतच नसेल तर तिचे नखाएवढे तुकडे करून, घट्ट दह्यात थोडे भिजवून, मागच्या दाढांनी हळू चावायला सांगावे. पुढच्या दातांनी तोडून खाणे तारा असेपर्यंत बंदच. चिक्की, काटेरी हलवा आणि गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी यांना मात्र कोणतीही पळवाट नाही, त्या त्या सणाला ते पदार्थ सरळ टाळावेत. संक्रांतीला तिळगूळ द्यायचा असेल तर वडी चिक्कीच्या गुळाऐवजी साध्या गुळाची करावी, म्हणजे ती मऊ राहते.

आणखी एक गोष्ट संदेशकर्त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. तिखटमिठाचे म्हणजे दातांना निर्धोक, हे समीकरणच चुकीचे आहे. पोहे, भाजणी, मैदा यांतील पिष्टमय भागाचे लाळेतील अमायलेज या पाचक द्रव्यामुळे साखरेत रूपांतर सुरू होते, आणि चिवड्याचा लगदा ब्रॅकेटभोवती अडकून राहिला की जिवाणूंना तेवढे पुरते.

आता गूळ, मध आणि खजूर. गुळातही मोठा वाटा सुक्रोजचाच, म्हणजे साखरेचाच असतो; मधात ग्लुकोज व फ्रुक्टोज असते, आणि दाताला त्यांचे काही कौतुक नसते. खजूर तर चिकट, त्यामुळे 'शुगर-फ्री' म्हणून विकली जाणारी खजूर-अंजिराची बर्फी तारेखाली जाऊन बसते आणि साध्या पेढ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ तिथे राहते. चिकटपणा व खाण्याची वेळ यांचे महत्त्व स्वीडनमधील व्हिपेहोम येथील प्रयोगात दिसून आले होते. 1945 पासून काही वर्षे चाललेल्या आणि 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दात फारसे किडले नाहीत, जेवणांच्या मधल्या वेळात दिलेल्या चिकट टॉफ्यांनी मात्र कीड झपाट्याने वाढली. हा प्रयोग मतिमंदांसाठीच्या संस्थेतील रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना झाला होता, त्यामुळे त्याचा दाखला देताना संकोच वाटतो. तरी निष्कर्ष टाळता येत नाही. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरील जिवाणूंच्या थराचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल अधिक) 5.5 या इनॅमलला धोक्याच्या पातळीच्या खाली जाऊ शकतो, आणि लाळेला तो पूर्ववत करायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. अभ्यंगस्नानानंतर एका बैठकीत खाल्लेले दोन लाडू म्हणजे असा एक तास. पण दिवसभर आत्याकडे अर्धी करंजी, शेजारच्या काकूंकडे 'थोडे तरी घे' म्हणून एक पेढा, येताजाता डब्यातून चिमूटभर चिवडा, असे चालले तर संध्याकाळपर्यंत दाताला सावरायला वेळच मिळत नाही. बाहेर मिळालेला फराळ मुलाने डब्यात घालून घरी आणावा आणि जेवणाबरोबर खावा, एवढी एक सवय गुळाच्या साऱ्या पर्यायांपेक्षा उपयोगी ठरते.

तत्काळ आणि जोर लावून दात घासण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. तोंडात काही अडकू देऊ नये हे खरे, पण त्यासाठी आधी पाण्याने खळखळून चूळ भरावी. विशेषतः लिंबू सरबत किंवा शीतपेय घेतले असेल तर इनॅमल काही काळ नरम झालेले असते, म्हणून ब्रश अर्ध्या तासाने करावा. जोराने ब्रशचे केस वाकतात, तारेखालचे कण तसेच राहतात. ब्रश ब्रॅकेटच्या वरून आणि खालून तिरका धरावा, आणि तारेखालून जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरावा. अनारशावरची खसखस त्याशिवाय निघत नाही, हे मी आरशासमोर भाचीच्या शेजारी उभा राहून पाहिले आहे. फ्लोराइड असलेल्या पेस्टने रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे तर चुकवूच नये, कारण झोपेत लाळ कमी होते.

राहता राहिली सणापुरती तार काढण्याची सूचना. तार काढली तरी ब्रॅकेट दातावरच असतात, त्यामुळे कडबोळे त्यांना आधी जेवढे घातक होते तेवढेच राहते. उलट तारेचा आधार नसल्याने सरकवलेले दात मागे वळू शकतात. त्याऐवजी दिवाळीपूर्वी आठवडाभर आधीची वेळ घेऊन सैल ब्रॅकेट तपासून घ्यावेत, तार आवळायची असेल तर तेव्हाच आवळून घ्यावी म्हणजे दुखणारे पहिले दोन-तीन दिवस सणात येत नाहीत, आणि दवाखाना कोणत्या दिवशी बंद आहे व मधल्या काळात कोणाला फोन करायचा हे विचारून ठेवावे. ब्रॅकेट सुटलेच तर ते ओढून काढू नये. पूर्ण निखळून हातात आले असेल तर डबीत जपून ठेवावे आणि दवाखाना उघडेल त्या पहिल्या दिवशी सोबत न्यावे.