लेकराला वाढू देऊ नका

पाहुणे आले की तुमचं शेंडेफळ कमरेवर हात ठेवून आजीची नक्कल करतं. सगळे खो-खो हसतात. मग एखाद्या काकू पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणतात, “अगं, याला टीव्हीवर का नाही पाठवत?” पाठवा की! फक्त आधी अमेरिकेकडून चार गोष्टी शिकून घ्या. मुलांचं बाळसं किलोवर विकायचं तंत्र तिथल्या विनोदी मालिकांनी सत्तर वर्षांपूर्वीच बसवून ठेवलंय.

सुरुवात लवकर करा. बारशाच्या घुगऱ्या पचल्या की निघा. कॅलिफोर्नियात पंधरा दिवसांचं बाळ डॉक्टरच्या चिठ्ठीवर कामाला लागू शकतं. कायद्याची थोडी कटकट आहे. सहा महिन्यांपर्यंत दिवसाला सेटवर दोन तास, त्यात प्रत्यक्ष काम वीस मिनिटं, आणि झगझगीत दिव्यापुढे एका वेळी तीस सेकंद. एवढ्यात बाळाचा मूडसुद्धा लागत नाही. म्हणून जुळी आणतात. एक रडलं की दुसरं पुढे. १९८७ साली सुरू झालेल्या ‘फुल हाउस’मध्ये ऑल्सन बहिणी आलटून-पालटून एकच बाळ झाल्या, आणि श्रेयनामावलीत कितीतरी वर्षं दोघींची नावं सलग जोडून एकाच मुलीसारखी छापली गेली. तुम्हाला एकच असेल, तर आता काय बोलणार.

नावाचा मोह तसाही सोडाच. ‘आय लव्ह लूसी’मध्ये लूसीला मुलगा झाला तो भाग १९ जानेवारी १९५३ रोजी सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेत होते, त्यांना एवढी गर्दी जमली नाही. पुढे तो मुलगा, लिटल रिकी, बोलताचालता झाला तेव्हा ती भूमिका कीथ थिबोडो या चिमुरड्या ड्रमवाल्याकडे आली. आडनाव उच्चारायला अवघड, म्हणून त्याचा ‘रिचर्ड कीथ’ केला. तेही फारसं कोणी लक्षात ठेवलं नाही. पुष्कळांना तो पडद्यावरच्या आणि खऱ्या आयुष्यातल्याही त्या नवरा-बायकोचा, लूसी आणि देसीचा, खराखुरा मुलगाच वाटायचा. घरात एक खरा मुलगा होता, पण त्याचं दर्शन रोज थोडंच व्हायचं!

निवडचाचणीला जाताना एक पथ्य पाळा: मुलाला तिथे जायची इच्छा नसावी. ‘लीव्ह इट टू बीव्हर’च्या चाचणीला जेरी मॅथर्स कब स्काउटचा गणवेश घालून आला आणि चुळबुळत सांगून मोकळा झाला, की मला इथं नाही, स्काउटच्या बैठकीला जायचंय. निर्माते विरघळले. १९५७ ते १९६३ तो बीव्हर होता, म्हणजे बैठकीला जरा उशीरच झाला म्हणायचा. तेव्हा ‘मला घरी जायचंय’ हे वाक्य सहज, मनापासून म्हणायची तयारी करून घ्या. हवं तर त्यासाठी क्लास लावा. क्लासला जायचा कंटाळा आला, तर पैसे वसूल झाले समजा.

शाळेचं काय, असं सासूबाई विचारतीलच. सांगा, सेटवर शिक्षक असतो आणि शाळेच्या वयाच्या मुलाला दिवसाला तीन तास शिकवावंच लागतं. ते सलग मात्र नसतात. भागाकार मांडायचा, हाक आली की पेन्सिल ठेवून उठायचं, पाच-सहा वेळा तोच विनोद करून यायचं आणि मग बाकी काढायची.

आता खरा शत्रू. तो म्हणजे उंची.

विनोदी मालिकेत मूल लहान असतं हाच विनोद असतो. तेच वाक्य पाच वर्षांच्याने म्हटलं तर घर हसतं, पंधरा वर्षांच्याने म्हटलं तर बाप कानफटीत देतो. म्हणून ‘डेनिस द मेनस’मधल्या बालनट जे नॉर्थचे मूळचे लालसर केस रंग उडवून पिवळेफटक केले गेले आणि चार वर्षं त्याला तसंच छोटं, द्वाड ठेवायची खटपट चालली. आई कामावर जायची म्हणून सेटवर मावशी आणि तिचा नवरा लक्ष ठेवायला. घरचंच माणूस, विश्वासाचं! मोठेपणी जे नॉर्थ सांगू लागला, की एक-दोन टेकमध्ये जमलं नाही तर त्यांच्याकडून धमकी आणि मग मार मिळायचा. पडद्यावर मात्र इतका खट्याळ, इतका बिनधास्त, की त्याला कोणाची भीती वाटत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. याला म्हणतात अभिनय. १९६३ मध्ये तो बारा वर्षांचा व्हायला आला आणि मालिका संपली.

मूल वाढलंच तर घाबरू नका, निर्मात्याकडे उपाय असतो. ‘ब्रॅडी बंच’ची सहाही पोरं थोराड दिसायला लागल्यावर १९७४ मध्ये चश्मा लावलेला एक छोटा चुलतभाऊ आणून बसवला, तो शेवटच्या सहा भागांपुरता उरला. ‘फॅमिली मॅटर्स’मधली धाकटी ज्यूडी चौथ्या मोसमानंतर दिसेनाशीच झाली आणि मालिकेतल्या तिच्या आईबापांनी पुढची पाच वर्षं ‘कार्टी गेली कुठे’ असं एकदाही विचारलं नाही. एवढे समंजस पालक शोधून सापडायचे नाहीत. आणि जेरी मॅथर्स व्हिएतनामच्या युद्धात मारला गेला ही आवई तर अमेरिकेत वर्षानुवर्षं फिरली. तो व्हिएतनामला गेलाही नव्हता. पण बीव्हर मोठा झाला यापेक्षा बीव्हर मेला हे लोकांच्या पचनी सहज पडलं.

सगळ्यात उत्तम म्हणजे निसर्गानेच मदत करावी. गॅरी कोलमनला जन्मापासून मूत्रपिंडाचा विकार. त्या दुखण्याने आणि औषधांनी वाढ खुंटली, उंची ४ फूट ८ इंचांवर थांबली. ‘डिफरन्ट स्ट्रोक्स’ १९७८ ला सुरू झाली तेव्हा तो दहा वर्षांचा, संपली तेव्हा अठराचा, आणि पूर्ण वेळ गोबऱ्या गालांचा तोच पोरगा. भावाला उद्देशून म्हणायचं एक वाक्य, त्यावर हशा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच वाक्य, पुन्हा हशा. मधल्या काळात दुसरं मूत्रपिंडरोपण होऊन गेलं. ते विनोदी नसल्याने त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

त्याला एका भागाचे लाखभर डॉलरपर्यंत मिळत, असं सांगतात. १९८९ मध्ये त्याने स्वतःच्या आईवडिलांवर आणि व्यवस्थापकावर खटला भरला, १९९३ मध्ये सुमारे १२ लाख ८० हजार डॉलरचा निकाल जिंकला, आणि १९९९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मधे कुठेतरी सुरक्षारक्षकाची नोकरीही झाली.

तर पैसे. ‘अँडी ग्रिफिथ शो’च्या सुरुवातीला छोटा रॉन हॉवर्ड तळ्यात दगड भिरकावतो ना? त्याच्या इवल्या हातात तेवढा जोर नव्हता. झाडामागे लपलेल्या सेटवरच्या माणसाने दुसरा दगड फेकला आणि पाणी उडालं. हिशेबाच्या वेळीही झाडामागे असं कोणीतरी लागतं, आणि ती जागा तुमची.

यात गुरू मानावं ते जॅकी कूगनच्या घरच्यांना. १९२१ मध्ये चॅप्लिनबरोबर चमकलेल्या या पोराने बालपणी तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असावेत. बाप अपघातात गेला, आणि पैशांचा कारभार पाहणाऱ्याशी आईने लग्न केलं. एकविशी उलटल्यावर जॅकीने तिजोरीत डोकावलं, तर झाडलोट झालेली. कायदा आईच्या बाजूने होता. लेकराची कमाई पालकांची. १९३८ मध्ये कोर्टात गेल्यावर हाती आले सव्वा लाखाच्या आसपास. त्यातून १९३९ चा कूगन कायदा आला. सध्या १५ टक्के रक्कम मुलाच्या नावे वेगळी ठेवावी लागते. उरलेली ८५ टक्केही २००० पासून कायद्याने मुलाचीच, पण कायदा वाचण्याएवढं ते मोठं कुठे असतं? आपल्याकडचे नियम २० टक्के ठेवीत टाकायला सांगतात आणि दिवसाला पाच तासांवर काम नको म्हणतात. पाच टक्क्यांचा हा फरक आपल्या संस्कृतीचा मोठेपणा म्हणून समारंभात सांगता येईल.

पॉल पीटरसनसारख्या माजी बालकलाकारांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. १९९० पासून हा गृहस्थ संस्था काढून या मुलांची बाजू घेत फिरतो. जुन्या मालिका आजही दुपारी लागतात, पण १९७४ च्या आधीच्या करारांत मोजक्याच पुनःप्रक्षेपणांचे पैसे असत, असली नीरस माहिती अशी माणसं मुलांच्या कानात घालतात.

बाकी जॅकी कूगनचं भलं झालं. १९६४ मध्ये तो पुन्हा विनोदी मालिकेत आला, ‘ॲडम्स फॅमिली’त. डोकं तुळतुळीत भादरलेलं, डोळ्यांखाली काळं, अंगावर पायघोळ झगा: अंकल फेस्टर. तोंडात विजेचा दिवा धरला की तो आपोआप पेटायचा. त्याच सेटवर दोन लहान मुलं त्याची नात्यातली नातवंडं होऊन वावरायची, त्याच्याच नावाच्या कायद्याखाली. कूगन तेव्हा पन्नाशीला आला होता, आणि त्याचा पगार थेट त्याच्याच हातात पडत होता.